यादी माझी, सत्कार दादाचा

आधीच सांगते, मी जबलपूरला भेडाघाट बघायला गेले नव्हते. तिथल्या गढा भागातल्या मैदानावर माझ्या थोरल्या भावाचा सत्कार होता. पोरांच्या मारामाऱ्या त्याने कबड्डीने थांबवल्या, म्हणून शाल-श्रीफळ. त्या कबड्डीमागची कल्पना कोणाची? माझी. तरी गेले, जळफळत गेले.

नागपूरहून सकाळची पहिली बस घ्या, सिवनीला पोहे खा, जेवणाच्या वेळेपर्यंत जबलपूर. रस्ता आता झकास आहे. मी मात्र खिडकीशी बसून दादाला काय काय ऐकवायचं तेच घोकत होते.

गोष्ट एकाहत्तरच्या लढाईच्या आगेमागच्या महिन्यांतली. जबलपूरचा तोफांचा कारखाना रात्रंदिवस चालू, बाप डबल ड्युटीवर, आणि गढ्याची पोरं नि आमच्या क्वार्टरची पोरं सायकलच्या चेनी घेऊन एकमेकांची डोकी फोडून राहिली होती. बाबांचा डबा मी फाटकावर न्यायची. तिथे पाहिलं तर कालचे भांडकुदळ डबे घेऊन एकाच रांगेत मुकाट उभे, कारण त्यांचे बाप एकाच शिफ्टमध्ये. दादा पोरांची कबड्डी सुरू करणार होता; मी त्याला म्हटलं, मोहल्ल्याच्या टीम करूच नको, बापाच्या शिफ्टप्रमाणे कर. त्या धामधुमीत शिफ्टा सारख्या बदलायच्या. त्यामुळे आजचा वैरी पुढच्या आठवड्यात आपलाच हात धरून साखळीत उभा राहायचा.

मारामाऱ्या खरंच कमी झाल्या. पोरं दादाला खांद्यावर घेऊन नाचायची. मुलींना खेळायला बंदी, म्हणून मी भिंतीवर खडूने याद्या लिहायची. एका रविवारी माझं डोकं फिरलं. दोन हाडवैऱ्यांचे बाप त्या आठवड्यात एकाच शिफ्टला होते, तरी मी दोघांना मुद्दाम समोरासमोर लिहिलं. पहिल्याच चढाईत जुंपली. दादा मध्ये पडला आणि त्याची भुवई फाटली. यादी आपणच चुकवली, असं त्याने सगळ्यांना सांगितलं. मी गप्प बसले.

सत्काराच्या भाषणात दादाने सगळ्यांची नावं घेतली, पाण्याचा माठ भरणाऱ्याचंसुद्धा. माझं नाही. वहिनीने खव्याची जिलबी पुढे केली, ती मला कडू लागली. (तुम्ही जरूर खा, जबलपूरची खासियत आहे.)

दुसऱ्या दिवशी त्याने मला भेडाघाटला नेलं. नर्मदेतली होडी सकाळीच घ्या, ऊन चढलं की संगमरवरी कड्यांकडे बघवत नाही. मधल्या शांत पाण्यात मी एकदाचं बोलून टाकलं, "दादा, ती यादी मी मुद्दाम चुकवली होती."

"माहीत आहे. बरोबर लिहून मग पुसलेलं दिसत होतं."

"मग सांगितलं काहून नाही?"

"बाबांनी तुला मैदानावर पाय ठेवू दिला असता का? अन् काल तुझं नाव घेतलं असतं, तर त्या दिवशीचीही गोष्ट निघाली असती. ते दोघं समोरच बसले होते."

बसमध्ये घोकलेलं एकही वाक्य आठवेना.

आता नागपुरात परत येऊन हे लिहून राहिले आहे. हेवा गेला म्हणाल, तर छे, वाढलाच. मन मोठं असण्यातही मेल्याने मला मागे टाकलं. म्हणून मीच इथे सगळं लिहून टाकते, कल्पनाही आणि ती यादीही. सकाळी आरशासमोर उभी राहिले. दादाच्या भुवईत फाटल्या जागी आजही केस येत नाहीत, तेवढी जागा मोकळी आहे. माझ्या दोन्ही भुवया शाबूत. त्याच्या त्या खुणेचाही मला हेवा वाटला.