आत्तींच्या अंगठ्यावरचा लसूण

सासूबाईंच्या उजव्या पायाचा अंगठा ठेवायचा की काढायचा, हे तपासणीचा रिपोर्ट आल्यावर ठरणार होतं. रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागणार होते. तेवढ्या वेळात आमच्या शहापूरच्या घरी जो कोणी पाय बघायला आला, तो रिकाम्या हाताने आला नाही. फळं आणली असती तर बरं झालं असतं. सगळे औषधं घेऊन आले.

सासूबाईंना आम्ही आत्ती म्हणतो. वय सत्तरीच्या पुढे, साखर जुनी, हट्ट साखरेहून जुना. चामडं चालत नाही म्हणून निपाणीच्या बाजारात त्यांनी कडक प्लास्टिकची चप्पल घेतली आणि ती अंगठ्याला चावली. आठवडाभर त्यांनी ते कोणाला सांगितलं नाही, कारण रोज सकाळी बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, चालत जायचं होतं आणि मी रिक्षा लावून दिली असती. मग अंगठा सुजला, मग पू झाला, कडा काळी पडली. गल्लीतल्या डॉक्टरांनी दिवसातून तीनदा घ्यायच्या गोळ्या दिल्या, नंतर बदलून दुसऱ्या दिल्या. अंगठ्याने दोन्हींची दखल घेतली नाही.

शेवटी मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टर तरुण होत्या, मराठी बोलताना मधूनच कानडीत शिरत. त्यांनी पू तपासायला घेतला आणि सांगितलं, "हे जंतू कुठल्या औषधाला मरतात ते बघूया अज्जी. तोपर्यंत चालू गोळ्या तशाच घ्या. पण काळं वर सरकलं तर अंगठा ठेवता येणार नाही."

घरी आल्यावर दारात चप्पल काढताना आत्ती म्हणाल्या, "अंगठ्याबिगर चालता येतंय काय गं?"

"येतं. पण तोल सांभाळावा लागतो."

"मग बस्तीच्या पायऱ्या गेल्याच की."

त्या दिवसापासून मी कामं वाटून घेतली. ड्रेसिंग मी करायचं, साखर यजमानांनी मोजायची, गोळ्या तिन्ही वेळा पहिल्यापासून मीच हातात देत होते, तेच चालू ठेवायचं. आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय जखमेला कोणी काहीही लावायचं नाही. हा शेवटचा नियम मी फ्रिजवर मोठ्या अक्षरात चिकटवला. पाहुणे तो वाचायचे, मान डोलवायचे आणि पिशवीतून बाटली काढायचे.

हळद तर सगळ्यांनीच आणली. आत्तींचा जमिनीखालच्या कंदांना विरोध आहे, पण वाळवलेली हळद चालते, वाळवलेलं आलं म्हणजे सुंठही चालते. ओलं असतं तोवर पाप, उन्हात पडलं की माफ. मी हळदीची पुडकी गोळा करून मसाल्याच्या डब्यात ओतली. पुढचा महिनाभर आमच्या आमटीचा रंग लग्नघरातल्या नवरीसारखा होता.

माझ्या शाळेच्या ऑफिसात गुंजीचे एक कारकून आहेत. दर शनिवारी रेल्वेने गावी जातात. त्यांनी रानातला मध आणला, काचेच्या बाटलीत, वर मेणाचा तुकडा तरंगणारा.

"मॅडम, हा लावा. आमच्या बैलाचं खूर यानंच बरं झालं."

"आमच्या घरात मध येत नाही हो. आणि सासूबाई बैल नाहीत."

"बैल बरा, निदान ऐकतो तरी," असं म्हणून त्यांनी बाटली माझ्या टेबलावर ठेवली. त्यांच्या घरीही सासू आहे.

खरा घोटाळा केला माझ्या मोठ्या नणंदेने, आक्कांनी. निपाणीहून बसने त्या आल्या, मी शाळेत होते. मोबाईलवर कोणीतरी दाखवलं होतं की कच्चा लसूण असले हट्टी जंतू मारतो. आत्तींनी तरुणपणीच कांदा-लसूण सोडलाय. बाकीचे बाहेर काय खातात ते त्या विचारत नाहीत आणि आम्ही तोंड धुऊन घरात येतो. तर आक्कांनी घराचा धर्म बाटू नये म्हणून लसूण स्वतःच्या घरी वाटून, तीन पिशव्यांत गुंडाळून आणला होता. संध्याकाळी मी दार उघडलं तेव्हा घराला एखाद्या ढाब्याचा वास येत होता. आत्ती पाय लांब करून बसल्या होत्या, अंगठ्याला फडकं बांधलेलं.

"आत्ती, लसूण?"

"खाल्ला न्हाय. लावलाय," त्या शांतपणे म्हणाल्या. "पायाला तोंड असतंय काय?"

"चुरचुरतंय का?"

"लई. म्हणजे मरालेत जंतू."

मी फडकं सोडून पाय धुतला. जंतूंचं माहीत नाही, पण अंगठ्याशेजारची धडधाकट कातडी भाजून टरारून फुगली होती. आक्का म्हणाल्या, "तो फोड न्हवं गं, आतलं विष बाहेर आलंय." मी त्यांना चहा दिला आणि शेवटची बस कधी आहे ते दोनदा सांगितलं.

रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरांनी आधी फोड बघितला, मग मला बघितलं. मी आक्कांचं नाव सांगून मोकळी झाले.

"लसूण जंतू मारतो, हे खोटं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "काचेच्या ताटलीत टाकला तर मारतो. पण अज्जी ताटलीत राहत नाहीत ना. कातडी त्याला सोसत नाही."

मग रिपोर्ट वाचला. औषधांची लांबलचक रांग आणि जवळजवळ प्रत्येकासमोर तेच अक्षर, जंतू दाद देत नाहीत असं सांगणारं.

"किती पास झाले?" आत्तींनी विचारलं.

"एकच. इंजेक्शन. तेही आता वेळेवर घेतलं तर." डॉक्टर माझ्याकडे वळल्या. "गोळ्या तिन्ही वेळा नीट दिल्या होत्या ना?"

"मी स्वतः हातात दिल्या," मी म्हटलं, जरा ऐटीतच.

"दिल्या की तिनं," आत्ती म्हणाल्या. "सकाळची, दुपारची घेतली. रात्रीची कशी घेणार? दिवस मावळल्यावर मी पाणी घेत न्हाय."

यात लपवाछपवी काहीच नव्हती. आत्ती सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंब घेत नाहीत, हे घराला माहीत, गल्लीला माहीत, दूधवाल्यालाही माहीत. रोज संध्याकाळी आमचं घर त्यांच्या जेवणासाठी धावपळ करतं. आणि रोज रात्री मी त्याच हातावर गोळी ठेवून, काम झालं म्हणून झोपायला जात होते.

"मग त्या गोळ्यांचं काय केलंत, अज्जी?"

"टाकीन कशाला? हिंगाच्या डबीत ठेवल्या. गल्लीत कुणाला खोकला, कुणाला ताप, दिली एकेक." मग माझ्याकडे बघून, "तुझा घसा बसलाता तवा तुलाबी दिलती. हिंगाचा वास आलता म्हणालीस."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, यामुळेच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही, हे जंतू दवाखान्यातून, शेजारून, कुठूनही येतात. पण अर्धवट औषध म्हणजे जंतूंना तालीम. आमची गल्ली म्हणजे मग आखाडाच म्हणायचा.

इंजेक्शन रोज सकाळी ठरलं. सुईला तोंड नाही, हे आत्तींनीच जाहीर केलं. जखमेसाठी डॉक्टरांनी मधाची पट्टी सुचवली. घरातला मध नव्हे, ते बजावून सांगितलं. कारखान्यात जंतुविरहित केलेला, पाकिटबंद, जखम स्वच्छ करायला चांगला उपयोगी पडतो.

आत्तींनी पाय मागे घेतला.

"पायाला तोंड नसतं म्हणालात की लसणाच्या वेळी," मी म्हटलं.

"लसणानं कुणाचं घर लुटलं न्हाय गं. माश्यांनी साठवलेलं आणून माझ्या पायाला बांधायचं? अंगठा गेला तर गेला."

"आणि इंजेक्शनने जंतू मरतात ते?"

"ते माझ्या घरात घुसलेत. मी त्यांच्या न्हाय गेले."

डॉक्टर हसल्या आणि साधी पट्टी लिहून दिली. वेळ जास्त लागेल, म्हणाल्या. लागलाही. रोज रिक्षाने जायचं, सुई टोचायची, पट्टी बदलायची. कंटाळवाणं, बिनवासाचं काम. पण काळं वर सरकलं नाही. हळूहळू मागे हटलं, खाली गुलाबी कातडी आली, आणि एका सकाळी डॉक्टर म्हणाल्या, "राहिला अंगठा." नख तेवढं गेलं.

श्रेय वाटून गेलंय. आक्का निपाणीत सांगतात, लसणाने. गुंजीचे कारकून समजतात, मधाने. बाटली टेबलावरून नाहीशी झाली हाच त्यांचा पुरावा. ती यजमानांनी संपवली, पावाबरोबर, माझ्याच ऑफिसात येऊन. मी कोणाची चूक दुरुस्त करत बसले नाही.

इंजेक्शनं संपल्यावर साखर आटोक्यात ठेवायला डॉक्टरांनी दोन वेळच्या गोळ्या दिल्या, दुसरी दिवस मावळायच्या आत. आत्ती ती घेतात तेव्हा मी समोर उभी राहते आणि पाणी गिळेपर्यंत हलत नाही. परवा त्या मऊ चपला घालून बस्तीत निघाल्या होत्या, पायऱ्या चढायला मला बरोबर घेऊन. दारातच शेजारीण भेटली, नाक ओढत.

"आत्ती, डबीत एखादी गोळी हाय काय?"

"न्हाय गं," आत्ती म्हणाल्या. "आता सगळ्या मीच खातोय."