किडं मोजणारं काका

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांएवढा किड्यामुंगीत जीव अडकलेला माणूस उभ्या कोल्हापुरात दुसरा घावायचा न्हाय, आणि माझ्याएवढी किड्याला भिणारीबी घावायची न्हाय, आणि देवानं आमा दोघांस्नी आणून एकाच जिन्याला बांधलं. मी शिरोळकडची, उसात वाढलेली, पण लहानपणी कानात मुंगळा शिरला तवापास्नं नुसतं काय वळवळलं तरी माझा श्वास अडकतोय. त्यात आता पोरगी रांगाय लागलीया, घावंल ते तोंडात घालतीया, म्हणून मी दारात, खिडकीत, पाळण्याच्या पायाभोवती, सगळीकडं मुंग्यांच्या खडूच्या रेघा मारून ठेवती. काका जिन्यानं खाली येत्यात, त्या रेघेकडं बघत्यात आणि असं तोंड करत्यात की जसं काय मी त्यांच्या घरच्या माणसाला वाटंत अडवलंय.

काका इष्टीत कंडक्टर हुतं. रिटायर झालं, मागनं काकीबी गेल्या, पण कंडक्टरकी काय अंगातनं गेली न्हाय. दसऱ्यापास्नं संक्रांतीपत्तोर रोज सकाळी आठला, ऊन जरा तापलं की, वही घेऊन खाली उतरायचं आणि घराभोवती फेरी मारायची. फेरीचं थांबं ठरलेलं, पैला नळ, मग रुईचं झाड, मग मागची उन्हाची भिंत, मग लाईटचा बोर्ड, आणि शेवटाला घरमालकिणीच्या झेंडूच्या कुंड्या. थंडीत म्हणं किडं आळशी असत्यात, ऊन खायला भिंतीवर येऊन बसत्यात, तवा मोजायला बरं पडतंय. वहीत गाडीच्या कागदागत रकानं आखलेलं, चढलं किती, उतरलं किती. रुईवर पट्ट्यापट्ट्याच्या अळ्या दिसल्या की "चढलं सात". बोर्डाच्या कोपऱ्यात कुंभारमाशी मातीचं घर बांधाय लागली की तिचं म्हणं रिझर्वेशन, तिथं कुणी हात लावायचा न्हाय, लाईट गेली तरी. एकदा मी चपलीनं झुरळ मारलं, तर तो आवाज ऐकून काका खाली आलं. "काय मारलंस?" "झुरळ, काका." "कसलं, बारकं का पंखाचं?" मी म्हटलं, "मेलेलं, काका." काकांनी खिशातनं पेन काढलं, "उतरलं एक" म्हणून लिवलं आणि तसंच वर गेलं.

आणि ही एकटीच असामी न्हाय बरं का, ऐतवारी त्यांच्यासारखीच अजून चारपाच गोळा व्हायची. एक दाताची डॉक्टरीण, एक बँकेतलं सायेब, एक कॉलेजची पोरगी मोबाईल घेऊन, सगळी मागच्या भिंतीपाशी कमरंत वाकून उभी. रस्त्यानं जाणारा एखादा गाडी थांबवून इचारायचा, "काय हरवलंय का पावणं?" काका मान वर न करता म्हणायचं, "व्हय, घावलं की सांगतो, तुमी व्हा म्होरं." मी खिडकीतनं बघायची आणि हसायची, पण खिडकी काय उघडायची न्हाय. पोरगी मात्र त्यांच्याच कडंवर गप बसायची. माझा हात भांड्यात असला की काका तिला घेऊन मुंग्यांची रांग दावायचं, आणि मी भांडं तसंच टाकून दारात.

पण तीन वर्सं झाली, वहीतलं आकडं खाली यायला लागलं. आणि त्याच तीन वर्सांत काकांच्या डोळ्यात काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणालं, गेलेली नजर परत येत न्हाय, आता हाय तेवढी सांभाळा. ह्या दिवाळीला तर त्यांस्नी जिन्याची पायरीबी चाचपायला लागली. एक दिवस माझ्या दारात बसलं आणि म्हणालं, "पोरी, मला एकच कळू दे. किडं संपायला लागल्यात का माझं डोळं? डोळं असलं तर असू दे, माझं एकट्याचं हाय ते. पण किडं असलं तर..." आणि वही मांडीवर उघडली. म्हणालं, "तू बघ, मी लिवतो."

मी न्हाय कशी म्हणू? माझी पोरगी त्यांच्या खांद्यावर झोपली हुती.

मग काका वही डोळ्याला लावून जिन्यात बसायचं आणि मी पोरगीला कडंवर घेऊन फेरीला. पैल्या दिवशी रुईपाशी गेले आणि एक पान नुसतं हाललं, वाऱ्यानंच असंल, पण मी डोळं गच्च झाकलं. वरनं काका ओरडलं, "रुई?" मी म्हटलं, "न्हाय काका!" "भिंत?" "न्हाय!" "बोर्ड?" "न्हाय, न्हाय काका!" मला वाटलं, आजच्या दिवस जाऊ दे, उद्या बघीन. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्याला तेच. म्हातारा माणूस खूळ म्हणून लिवतोय, त्याचं काय एवढं, असंबी मनात आलं, खोटं कशाला बोलू.

सव्वा महिना काकांनी शून्यं लिवली. ऐतवारची ती मंडळी ह्या वर्सी आपापल्या दारातलंच मोजत हुती, काकांनी फोनवर ती शून्यं त्यांस्नी वाचून सांगितली, तर दाताची डॉक्टरीण म्हणाली, आमच्याकडंबी लई कमीच हाय काका. त्या दिवसापास्नं काकांनी हाय खाल्ली. मी भाकरी नेऊन द्यायची, ती सांजंला तशीच. एका सकाळी आठ वाजलं, साडेआठ वाजलं, काका खाली आलंच न्हाईत. मी पोरगीला घेऊन धावत वर गेले. काका भिंतीकडं तोंड करून पडलेलं, वही उशाला. "संपलं म्हणायचं सगळं, पोरी," म्हणालं, "ही वही तेवढी पंचगंगेत सोडून ये."

मला रडूच फुटलं. मी सगळं सांगून टाकलं, काका मी बघितलंच न्हाय, मी डोळं झाकत हुते, एक दिवसबी बघितलं न्हाय, पोरगीची शप्पत.

काका उठून बसलं. मला वाटलं आता हात उगारत्यात. "म्हंजे सव्वा महिना गाडी आगारात उभी," हळूहळू म्हणालं, "आणि मी रिकामी आली, रिकामी आली म्हणून लिवतोय?" आणि जे हसाय लागलं, खोकला येईपत्तोर, माझी पोरगीबी त्यांच्याकडं बघून हसाय लागली. मग मला म्होरं बसवलं आणि एकेक शून्य खोडाय लावलं. "शून्य म्हंजे बघितलं आणि घावलं न्हाय. तू बघितलंसच न्हाईस, मग शून्य कुठलं? लिव, बघितलं न्हाय." माझं शिक्षान आठवीपत्तोर, अक्षर कोंबडीच्या पायागत, पण रोजच्या रकान्यात मी तेच लिवलं. काकांनी दोन भाकरी खाल्ल्या. "असत्याल गं," म्हणालं, "असणारच की, तूच भित्री."

दुसऱ्या दिवशी मी पोरगीला त्यांच्यापाशी ठेवलं आणि गेले. देवाचं नाव घेतलं आणि डोळं उघडं ठेवलं. रुईचं एकेक पान बोटानं उलटं केलं. पान सगळं कोरं, कुणी कुरतडल्यालं न्हाय. भिंतीवर ऊन चांगलं पसरलेलं, भिंत नुसती भिंतच. बोर्डावर मातीचं जुनं घर, आत काडी घालून बघितली, रिकामं. कुंड्यांपाशी खाली बसले, झेंडू नाकाला लागंस्तोवर बघितला. परत पैल्यापास्नं सगळं बघितलं. तिसऱ्यांदा बघितलं. आयुष्यात पैल्यांदा मला वाटत हुतं की काय तरी वळवळू दे, माझ्या हातावर चढलं तरी चालंल.

"काय गं?" जिन्यातनं काका. "रुई?"

मी म्हटलं, "न्हाय काका."

"आणि भिंतीला?"

"न्हाय."

काका हसलं. पोरगीला म्हणालं, "बघ, तुझी आई आज परत डोळं झाकून फिरतीया." आणि मला ओरडून म्हणालं, "झाकलंस न्हवं? खरं सांग!"

मी झेंडूपाशी उभी हुते. हाताला रुईचा चीक लागला हुता.

म्हटलं, "व्हय काका. भ्याले मी."

"येडी," म्हणालं काका, आणि वही डोळ्याला लावून लिवाय लागलं.