हत्तीचं घर

"सर, तिला वजीरच घ्यायला लावा," कोच माझ्या कानाशी येऊन म्हणाले. पंच म्हणून तक्रारी खूप ऐकल्या होत्या, पण समोरच्याने जास्त ताकदीचं सोंगटं घ्यावं म्हणून भांडणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो.

नव्वदच्या दशकातली, बारामतीच्या शालेय बुद्धिबळ स्पर्धेतली ही गोष्ट. शेवटची फेरी होती आणि पुण्याच्या निवड चाचणीसाठी एकच जागा. कोचांच्या निखिलला बरोबरी पुरत होती, सणसरच्या शीतलला मात्र जिंकावंच लागणार होतं. तिला खेळ शिकवणारे तिचे चुलते, तात्या, दोरीपलीकडे घाम पुसत उभे होते.

निखिलचा राजा पटाच्या कडेला, त्याची मागची वाट त्याच्याच प्याद्याने अडवलेली. तेवढ्यात शीतलचं प्यादं शेवटच्या ओळीत पोचलं. तिथं प्याद्याच्या जागी वजीर, हत्ती, उंट, घोडा, हवं ते घेता येतं. याला प्रमोशन म्हणतात. सगळं जग वजीर घेतं. शीतलने हत्ती घेतला आणि मला मनापासून वाईट वाटलं.

मग पट नीट पाहिला. वजीर आला असता तर निखिलच्या राजाला शह नव्हता आणि हलायला घरही उरत नव्हतं. ही स्टेलमेट, म्हणजे बरोबरी. हत्ती तिरका जात नाही, त्यामुळे राजाशेजारचं पलीकडच्या कोपऱ्यातलं घर मोकळं राहिलं होतं. निखिल बिचारा वजिराचीच वाट बघत बसला होता.

कोचांचं म्हणणं, पोरगी गावाकडच्या नियमाने खेळते. प्यादं ज्या सोंगट्याच्या घरात पोचेल तेच होतं, असं समजते. ते खरंही होतं.

"हत्ती घेणं नियमात बसतं," मी म्हणालो. "का घेतला, हे विचारणं माझ्या कामात येत नाही."

थोड्याच खेळ्यांत मात झाली. तात्यांनी शीतलला उचलूनच घेतलं. मी दोघांना बाजूला घेऊन खरा नियम समजावला.

"हत्तीच्या घरात गेलं, मग हत्तीच व्हणार की," शीतल म्हणाली.

पुण्याला वजीर घेत जा, असं मी तिला बजावून सांगितलं.

पुढं तात्या भिगवणला हॉटेलात भेटले. पुण्यात काय झालं, विचारलं.

"जिंकत आली हुती," तात्या मासळीचा काटा काढत म्हणाले. "मग तुमच्या सांगण्यानं वजीर घेतला. समोरच्याला हलायला जागाच न्हाय राह्यली. बरोबरी."

बिल मी दिलं. तेव्हापासून प्रमोशन शिकवताना स्टेलमेट आधी शिकवतो.