गाईसाठी नेलेली भाजी

डोंबिवलीत आमच्या बिल्डिंगखाली किराण्याचं मोठं दुकान आहे. आदल्या दिवशीची भाजी ते प्लास्टिकमध्ये एकत्र बांधून स्वस्तात काढतात. दोन वांगी, मूठभर गवार, एखादा मऊ पडलेला टोमॅटो. एकट्या म्हाताऱ्याला दोन दिवस पुरतं. बायको गेल्यापासून मी तेच आणतो.

ती पण असंच आणायची. बाजार उठायच्या वेळी जाऊन भाजीवालीकडून उरलेला वाटा उचलायची. मी कामाला होतो तो वागळे इस्टेटचा कारखाना बंद पडलेला, तेव्हा घर त्याच वाट्यांवर चाललं. खाताना मला काही वाटायचं नाही, रस्त्यात कोणी बघितलं की लाज वाटायची.

एकदा आम्ही बाजारातून येत होतो नि माझा जुना सुपरवायझर समोर आला. त्याची नजर हिच्या पिशवीवर. वरच पिवळी पडलेली मेथी. मी पटकन बोललो, "गाईला घालायला नेतोय."

ही बाजूलाच उभी. घरी येऊन मेथी निवडली, परतली, भाकरी थापली. ताट माझ्या पुढ्यात सरकवून म्हणाली, "गाय काही भेटली नाही. बैलाला वाढते."

मी हसलो. ती नाही हसली. तेव्हाच माफी मागायची होती. नाही मागितली.

परवा दुकानात तसलंच भाजीचं पाकीट घेऊन काउंटरला उभा होतो. पुढे आमच्याच मजल्यावरची बाई. वळून म्हणाली, "अय्या काका, हे शिळं कशाला घेताय?"

"गाईला," मी बोलून गेलो. इतक्या वर्षांनी तेच.

काउंटरवरची पोरगी भली. "गाईला विकत कशाला काका? थांबा." पाकीट काढून घेतलं नि आतून फ्लॉवरचा पाला आणून पिशवीत कोंबला. "न्या असाच, पुण्य लागेल."

पाला घेऊन बाहेर आलो. नाक्यावर गाय बांधलेली असते, तिला घातला. मग तिथंच उभा राहिलो. घरात भाजी नव्हती.

परत गेलो. पोरीला म्हटलं, "ते पाकीट दे गं. मलाच खायचंय."

तिने दिलं. इतकंच बोलायचं होतं, तेव्हा सुपरवायझरसमोरही.

पण शेजारीण निघून गेली का, ते आधी काचेतून बघितलं होतं मी. ही असती तर तिने तेवढं बरोबर पकडलं असतं.