रिकाम्या गाडीची ट्रायल

पगारे सर दुसऱ्यांदा तीच तक्रार घेऊन आले तेव्हा, खरं सांगतो, मी वैतागलो होतो.

“भाऊ, ब्रेक लागतो, पण गाडी थांबत नाही. उतारावर पुढंच जाते.”

“सर, ब्रेकला मी हातसुद्धा लावलेला नाही. फक्त मागच्या स्प्रिंगा बदलल्यात.”

नाशिकच्या अंबड भागात माझं गॅरेज आहे. सस्पेन्शनचं काम म्हटलं की लोक माझं नाव घेतात, आणि त्याची थोडी मस्तीही मला होती. सर हरसूलच्या पुढे एका शाळेवर शिक्षक. नाशिकहून रोज अपडाऊन. त्यांची जुनी सात सीटर, सोबत पाच सहकारी. बाजाराच्या दिवशी येताना डिकीत तांदूळ, नागली, भाजी, सगळ्यांच्या पिशव्या. गाडी मागून इतकी बसायची की प्रत्येक खड्ड्यात खाली ठोकायची. म्हणून मी कंपनीच्या स्प्रिंगा काढून बाहेरच्या हेवी ड्युटी टाकल्या, शॉकअप नवीन टाकले. गाडी मागून दोन बोटं उंच झाली आणि ठोकायची थांबली. सर खूश होऊन गेले होते.

आता ही तक्रार. म्हटलं, चला ट्रायल घेऊ. सरांना शेजारी बसवलं, एमआयडीसीतल्या मोकळ्या रस्त्यावर साठला नेऊन कचकन ब्रेक मारला.

“बघा. जागेवर थांबली की नाही?”

“पण आत्ता रिकामी आहे ना, भाऊ. सगळे बसले की होतं ते.”

“तुम्हाला उंच गाडीची सवय नाही. महिनाभरात होईल.”

सर सरळ माणूस. दुसऱ्याच्या विषयात वाद घालणाऱ्यातले नव्हेत. “तुम्ही म्हणताय तर असेल,” म्हणाले आणि गेले.

तिसऱ्यांदा गाडी टोचन करून आली. घाटाच्या उतारावर पुढची एसटी थांबली. सरांनी ब्रेक दाबला, गाडी जातच राहिली. एसटीवर आदळण्यापेक्षा त्यांनी ती डोंगराच्या बाजूच्या नालीत घातली. त्यांच्या शाळेतल्या गायकवाड मॅडमचं मनगट मोडलं, बाकीच्यांना मुका मार. सर गप्पांच्या नादात होते, असं गाडीतलेच म्हणायला लागले. पाचही जणांनी दुसरी गाडी लावली.

“माझाच अंदाज चुकला, भाऊ,” सर मला म्हणाले.

गाडी लिफ्टवर घेतली आणि माझी चूक दिसली. या गाडीत मागच्या अ‍ॅक्सलपासून बॉडीखालच्या एका व्हॉल्व्हपर्यंत बारीक दांडी जाते. माणसं बसली की बॉडी खाली येते, दांडी व्हॉल्व्ह उघडते आणि मागच्या ब्रेकला जास्त जोर मिळतो. गाडी रिकामी असली की तो जोर कमी होतो, म्हणजे मागची चाकं घसरत नाहीत. माझ्या कडक स्प्रिंगांमुळे गाडी भरली तरी बसतच नव्हती. व्हॉल्व्हच्या लेखी ती कायम रिकामी. भरलेली गाडी जवळजवळ पुढच्याच ब्रेकवर घाट उतरत होती. स्प्रिंग बदलली की ही दांडी नव्या उंचीला जुळवायची असते. मला हे माहीत होतं. मी विसरलो होतो. आणि सर येऊन सांगत होते तेव्हा मी त्यांनाच शिकवत बसलो.

दांडी जुळवली. वाळूची पोती भरून ट्रायल घेतली. गाडी बरोबर थांबली. सर न्यायला आले.

“गाडीत काही निघालं का हो?”

“नाही सर. बॉडीचंच काम होतं.”

गॅरेजचं नाव जाईल म्हणून बोललो. आज लिहितानाही लाज वाटते.

पाच महिन्यांनी सर पुन्हा आले. “भाऊ, जुन्या स्प्रिंगा ठेवल्यात ना? त्याच टाका. आता मी एकटाच असतो. रिकामी गाडी फार उडते.”

मग मात्र राहवलं नाही. त्यांना खुर्ची दिली आणि सगळं सांगितलं.

“म्हणजे मी ब्रेक वेळेवर दाबला होता?”

“हो सर. वेळेवरच.”

“मॅडमना सांगाल? माझ्या तोंडून पटायचं नाही.”

तिथूनच फोन लावला. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “पाच महिने सर रोज मान खाली घालून माझ्या हाताची चौकशी करतायत. आणि तुम्ही आता सांगताय?” फोन ठेवला त्यांनी. बरोबरच होतं त्यांचं.

“सर, गाडी आता एकदम ठीक आहे,” मी म्हटलं. “स्प्रिंगा राहू द्या. सगळ्यांना न्या पुन्हा.”

“गाडी ठीक आहे हो,” सर म्हणाले. “माझाच पाय आता ब्रेकवरून निघत नाही.”

जुन्या स्प्रिंगा टाकल्या, दांडी परत जुळवली. हल्ली भरलेल्या गाडीची तक्रार आली की मी गाडी भरूनच ट्रायल घेतो. चूक सापडली तर गिऱ्हाईक समोर असतानाच सांगतो. सर अजून एकटेच जातात. रस्ता मोकळा असला तरी मागच्या गाड्या त्यांना हॉर्न देत पुढे जातात, असं त्यांनीच सांगितलं.