राजा जिवंत असताना रंगवलेलं काळं कापड

नेपल्समध्ये मासेल्लो रंगारी कुठे राहतो असं विचारलं, तर शेंबडं पोरही आमच्या दाराशी आणून सोडायचं. ते आमचे हे. चाळीस वर्षं हौदाशी घातली, पण स्वभाव इतका भित्रा की कुत्रं अंगावर आलं तर त्याचीच माफी मागतील. कामात मात्र त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. लाल फसला, हिरव्यात डाग पडले, की शांतपणे म्हणायचे, "काळ्यात बुडवू. काळं सगळं पोटात घालतं."

त्या हिवाळ्यात राजाला ताप भरला. चौथ्या दिवशी भर दुपारी राजवाड्याच्या वस्त्रागाराचा कारभारी गालसेरान आमच्या मागच्या दाराने आत आला.

"मासेल्लो, साडेतीनशे वार काळं हवं. भिंतींना, घोड्यांना, दरबाऱ्यांना."

"कोण गेलं, साहेब?"

"कुणी नाही. अजून."

ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. चांगलं काळं एका दिवसात होत नाही. आधी निळीत, मग मंजिष्ठेत, मग मायफळ आणि लोखंडाच्या पाण्यात, आठवडा जातो. आणि राजाने डोळे मिटले की दुसऱ्याच सकाळी अख्खा दरबार काळ्यात दिसायला हवा. पण राजा जिवंत असताना त्याच्या सुतकाचं कापड रंगवणं म्हणजे त्याचं मरण चिंतणं, आणि त्याला फास ठरलेला. नाही म्हणायची तरी सोय कुठे होती? कारभाऱ्याला नाही म्हणून नेपल्समध्ये कुणाचा हौद चालला नाही.

सहा दिवस दारं लावून काम केलं. सातव्या दिवशी बातमी आली, राजाने कोंबडीचं सूप घेतलं, उशीला टेकून बसला. मी धावत गालसेरानकडे गेले. मेला म्हणतो कसा, "कसलं कापड, बाई? मी तुला ओळखत नाही."

कापड सरपणाखाली दडपलं. पण ह्यांचे हात? कोपरापर्यंत काळे! आणि गल्लीला ठाऊक, आमच्याकडे त्या दिवसांत राजकन्येच्या लग्नाचं लाल काम होतं. मी ते हात लाल हौदात बुडवले, राखेने घासले, कातडं सोलवटलं. काळ्यावर काय चढणार, कपाळ! शेवटी चिंध्या गुंडाळल्या आणि हात भाजले म्हणून सांगितलं.

शेजारची वान्नेल्ला लगेच हंसाची चरबी घेऊन हजर. "बघू दे की, मासेल्लोभाऊ! नव्या नवरीसारखे काय लपवताय?"

तिने चिंधीचं टोक धरलंच. ह्यांना दरदरून घाम फुटला.

"कातडं चिकटून येईल ग," मी मध्ये पडले. "चरबी ठेव इथे. आणि तुझ्या चुलीवर काहीतरी करपतंय बघ."

ती गेली, पण उंबऱ्यातून दोनदा मागे वळून पाहिलंन.

त्या रविवारी राजाला आयुष्य मागायला आलेल्यांनी चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. ह्यांनी मेरीमातेपुढे सगळ्यांत मोठी मेणबत्ती लावली आणि गुडघे टेकून कितीतरी वेळ पुटपुटत राहिले. मीही शेजारीच होते. मागच्या बायका कुजबुजल्या, "किती जीव ग ह्या माणसाचा राजावर!"

राजाचा ताप उलटून पुन्हा चढला. मंगळवारी दुपारी किल्ल्यावरची मोठी घंटा वाजू लागली. एक ठोका, थांबून दुसरा. गल्लीत रडारड उसळली. हे भिंतीला टेकून खाली बसले आणि मोठ्याने म्हणाले, "सुटलो!"

मी त्यांचं तोंड दाबलं.

तासाभरात गालसेरानच्या गाड्या दारात उभ्या राहिल्या. "असा दूरदृष्टीचा माणूस दरबाराला हवा," म्हणाला आणि ह्यांची पाठ थोपटून कापड घेऊन गेला. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

ह्यांनी हातावरच्या चिंध्या सोडल्या. मग हे म्हणाले, "कुबेल्ला, रविवारी मेरीमातेपाशी मी काय मागितलं, ते तुला सांगवत नाही."

"सांगू नका," मी म्हणाले. "मीही तेच मागितलं."