तळ्यावर जाऊन या

त्या गावच्या बाजारपेठेत चित्रांची तीन दालनं आहेत आणि तिन्हींच्या भिंतींवर गावचं तळंच टांगलेलं आहे. तिसऱ्या दालनात शिरेपर्यंत माझे पाय बोलायला लागले होते. चित्रं काढणाऱ्या बाई गल्ल्यामागे बसल्या होत्या. माझ्याकडे पाहून त्यांनी स्टूल पुढे सरकवलं.

"बसा आधी. बघायलाच हवं असं काही नाही."

मी बसले. थोड्या वेळाने विचारलं, "रोज जाता का तळ्यावर?"

"कुठलं हो! दुकान कोण बघणार? आता सगळं आठवणीतूनच काढते."

आवडीचं काम पोटापाण्याचं झालं की आवड हळूहळू लांब जाते. मीही तशीच दमून सुट्टीवर आले होते.

"मी बसते इथे," मी म्हटलं, "तुम्ही जाऊन या."

त्या जरा घुटमळल्या, मग चपला घालून गेल्या.

बऱ्याच वेळाने परतल्या तेव्हा साडीचा काठ ओला होता. "पाण्यात पाय सोडून बसले होते," त्या ओशाळून म्हणाल्या. दारातून एक गिऱ्हाईक डोकावत होतं. तिकडे न बघता त्या माझ्या शेजारी येऊन नुसत्या बसून राहिल्या.